जुनी अमेरिकन चांदी: मागचे शिक्के वाचून साल कसं काढायचं?

रुपेरीकडा (न्यू जर्सी)

इकडे राहणारे आपल्यातले बरेच जण इस्टेट सेल, थ्रिफ्ट स्टोअर, चर्चच्या सेलमधून चांदीचे जुने चमचे, वाट्या, ट्रे घेतात आणि मग मागच्या बारीक शिक्क्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतात, हे किती जुनं असेल, खरी चांदी आहे का वगैरे. उत्तरं तिथेच वाहून जातात, म्हणून इथे एक धागा काढतेय. ज्याला जे माहीत असेल ते लिहा, फोटो टाका, आपण मिळून वाचू.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ म्हणजे पुढचा गोंधळ टळेल. इंग्लंडमध्ये चांदी सरकारमान्य अ‍ॅसे ऑफिसमध्ये तपासली जायची आणि तिथेच तिच्यावर सिंह, शहराची खूण आणि वर्षाचं अक्षर उमटायचं, त्यामुळे तक्ता समोर ठेवला की साल मिळतं. अमेरिकेत असं ऑफिस देशभर कधी नव्हतंच. एकट्या बाल्टिमोरमध्ये १८१४ ते १८३० एवढा काळ होतं, बाकी सगळा कंपनीचा आपापला कारभार. कोणी अक्षर मारलं, कोणी चित्र मारलं, कोणी मालकाचं आद्याक्षर मारलं आणि पुष्कळांनी काहीच मारलं नाही. म्हणजे आधी कंपनी ओळखायची, मग त्या कंपनीची पद्धत, आणि मगच साल. उलट्या क्रमाने गेलं की हमखास फसायला होतं.

सुरुवात गोरहॅमपासून करते कारण सगळ्यात जास्त हीच सापडते आणि हिची पद्धत सगळ्यात सुंदर आहे. ऱ्होड आयलंडमधलं प्रॉव्हिडन्स शहर, १८३१ सालची कंपनी. शिक्का म्हणजे तीन छोटे चौकोन: चालणारा सिंह, जहाजाचा नांगर आणि जुन्या वळणाचं जी. यातला सिंह बघून लोक लगेच इंग्लिश चांदी म्हणतात, पण नांगर ही ऱ्होड आयलंडची खूण आणि जी म्हणजे गोरहॅम. १८६८ मध्ये कंपनीने स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, हा दर्जा घेतला. त्याआधी ९०० भागांची कॉइन सिल्व्हर असायची. त्याच वर्षापासून भांड्यांवर वर्षाचं अक्षर यायला लागलं, ए म्हणजे १८६८, बी १८६९ असं करत क्यू म्हणजे १८८४. मधलं एकही अक्षर गाळलेलं नाही, आय आणि जे दोन्ही आहेत, त्यामुळे बोटावर मोजलं तरी चालतं.

१८८५ पासून अक्षरं संपली आणि दर वर्षाला एक चित्र आलं. १८८५ चं रानडुकराचं मुंडकं आहे. ही चित्रं १९३३ पर्यंत चालली, मग काही वर्षं काहीच नाही, आणि जानेवारी १९४१ पासून नवी पद्धत आली जी मला फार आवडते. एक बारकी आकृती आणि तिच्या आत एक आकडा. आकृतीच्या बाजू मोजायच्या: चार बाजू म्हणजे चाळीसचं दशक, पाच म्हणजे पन्नासचं, सहा म्हणजे साठचं, आणि आतला आकडा त्या दशकातलं वर्ष.

पण हे सगळं भांड्यांचं, म्हणजे वाट्या, जग, ट्रे, चहाचे सेट. चमचे-काट्यांवर गोरहॅम सहसा वर्ष टाकत नाही, तिथे वेगळे मार्ग आहेत, त्यावर नंतर लिहिते. आणि तळाशी जो तीन-चार आकडी नंबर असतो तो डिझाइनचा नंबर आहे, तो साल समजू नका. १८९० लिहिलेलं असलं तरी ते १८९० मधलं आहे असं होत नाही.

अटलांटाची_आत्या

छान धागा! लगेच विचारते. आमच्या शेजारच्या आजी घर रिकामं करत होत्या, त्यांनी मला एक लाकडी पेटीभर चमचे-काटे दिले, दांड्यावर द्राक्षांचे घोस आहेत, फारच देखणं काम. मागे लिहिलंय "१८४७ रॉजर्स ब्रदर्स". म्हणजे हे पावणेदोनशे वर्षं जुने ना? दिवाळीला काढायचे म्हणतेय पण एवढे जुने वापरावेत का?

रुपेरीकडा

आत्या, बिनधास्त वापरा. १८४७ हे त्या चमच्यांचं वय नाही, ते ब्रँडच्या नावातच आहे. हार्टफर्डच्या रॉजर्स भावांनी १८४७ च्या सुमारास विजेने चांदीचा मुलामा द्यायचा धंदा सुरू केला, त्यांचं नाव एवढं चाललं की पुढे मेरिडेन ब्रिटानिया कंपनीने ते साल नावासकट शिक्क्यात घेतलं. १८९८ मध्ये कनेटिकटमधल्या अशा बऱ्याच कंपन्या एकत्र येऊन इंटरनॅशनल सिल्व्हर झाली आणि तिनेही तोच शिक्का विसाव्या शतकात पुढे चालवला. द्राक्षांचं तुमचं डिझाइन बहुतेक "व्हिंटेज" असणार, ते १९०४ मध्ये बाजारात आलं. म्हणजे शंभरी पार केलेली वस्तू आहेच, पण चांदीचा मुलामा आहे, भरीव चांदी नाही.

अशी आणखी नावं आहेत, "१८८१ रॉजर्स" पण असंच, ते ओनायडा कंपनीचं. शिक्क्यात साल दिसलं की आधी शंका घ्यायची. आणि मुलामा ओळखायचा तर ए-वन, ट्रिपल, क्वाड्रुपल प्लेट, ईपीएनएस असे शब्द बघा. स्टर्लिंग हा शब्द नसेल आणि यातलं काही असेल तर विषय संपला.

अटलांटाची_आत्या

बरं झालं विचारलं! मग दिवाळीत फराळाच्या ताटांत हेच. आजींना पण सांगते १९०४ चं, त्यांना त्यांच्या आजीकडून आले होते, त्यांना आनंद होईल.

गुजरीकर (कोल्हापूर)

आमचा पिढीजात सराफी धंदा, म्हणून धातूच्या बाजूने लिहितो. टंचाचं, म्हणजे शंभरात किती भाग शुद्ध चांदी याचं, गणित आधी डोक्यात पाहिजे. स्टर्लिंग म्हणजे साडेब्याण्णव टंच. अमेरिकन कॉइन सिल्व्हर नव्वद टंच, त्यांचा चांदीचा डॉलर पण नव्वदच. आपला राणीछाप रुपया बाराला अकरा, म्हणजे ९१.६७. वजन ११.६६ ग्रॅम, एक तोळा.

एक कायद्याची गोष्ट पण उपयोगी पडते. १९०६ मध्ये अमेरिकेत कायदा आला की मालावर स्टर्लिंग लिहाल तर ९२५ पाहिजे आणि कॉइन लिहाल तर ९००, अगदी थोडी सूट धरून. त्याच्या आधी शिक्का म्हणजे दुकानदाराचा शब्द, म्हणून १९०६ च्या आधीचा माल बिनओळखीच्या नावाचा असेल तर कस बघून घ्यावा. १९६१ मध्ये त्यात भर पडली की दर्जाचा शिक्का मारला तर बनवणाऱ्याचा ट्रेडमार्कही मारलाच पाहिजे. म्हणून नुसतं स्टर्लिंग लिहिलंय आणि बाकी काही नाही असा अमेरिकन तुकडा दिसला तर तो बहुतेक त्याच्या आधीचा.

कस बघताना हात जोडून विनंती, शिक्क्याजवळ अ‍ॅसिडचा थेंब टाकू नका आणि कानसही लावू नका. आमच्याकडे इकडे परदेशातून परत आलेले लोक अशा वस्तू घेऊन येतात, मागे कोणीतरी घासून बघितलेलं असतं आणि नेमका शिक्काच गेलेला असतो. हल्ली एक्सआरएफ मशीन आहे, वस्तूला धक्का न लावता आकडा देतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की ते वरचा थर बघतं, जाड मुलामा असेल तर फसू शकतं.

चेसापीक

गुजरीकरांनी रुपयाचं काढलंत म्हणून मला राहवत नाही. मी बाल्टिमोरजवळ राहतो आणि इथल्या सॅम्युएल कर्कच्या चांदीचा मला नाद आहे. कर्क १८१५ मध्ये इथे आला, फुलापानांचं दाट उठावाचं काम त्याने १८२० च्या दशकात सुरू केलं आणि पुढे त्याला बाल्टिमोर शैलीच म्हणायला लागले. त्याच्या जुन्या मालावर "११ औंस" असं मारलेलं असतं. लोकांना वाटतं हे वस्तूचं वजन, आणि मग चमचा काट्यावर टाकतात आणि चक्रावतात. ते वजन नव्हे, दर्जा आहे! ट्रॉय पौंडात बारा औंस, त्यातले अकरा औंस शुद्ध चांदी, म्हणजे बाराला अकरा, म्हणजे बरोब्बर आपल्या राणीछाप रुपयाचा टंच. "१०.१५" असंही दिसतं, ते दहा औंस पंधरा पेनीवेट (पेनीवेट म्हणजे औंसाचा विसावा भाग), हजारात साधारण ८९६. पुढे मग ९२५ आलं.

कर्कचं साल काढायची खरी किल्ली म्हणजे नाव. १८४६ मध्ये मुलगा भागीदार झाला तेव्हा "एस. कर्क अँड सन", १८६१ मध्ये आणखी मुलं आली तेव्हा "सन्स", १८६८ पासून परत "सन", १८९६ पासून "सन कंपनी", १९२५ पासून "इन्कॉर्पोरेटेड". म्हणजे शेवटी एक एस आहे का नाही एवढ्यावर वस्तू सात वर्षांच्या खिडकीत जाऊन बसते. १८४६-६१ आणि १८६८-९६ या दोन्हीत "सन" आहे, तिथे मात्र अक्षरांची ढब, दर्जाचा शिक्का आणि डिझाइन मिळून ठरवावं लागतं.

आणि धाग्याच्या सुरुवातीला बाल्टिमोरच्या ज्या ऑफिसचा उल्लेख आहे त्या १८१४ ते १८३० च्या मालावर शहराची ढाल आणि वर्षाचं अक्षर असतं. मिळाली तर जपून ठेवा, अमेरिकन चांदीत बाहेरच्या तपासनिसाने मारलेलं वर्ष दुसरीकडे मिळत नाही.

गुजरीकर

बाराला अकरा! हे वाचून फार बरं वाटलं. अमेरिकेची चांदी आणि आपला रुपया यांचं आणखी एक नातं आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयाची एवढी टंचाई झाली की लोक नोटा घेऊन रुपये मागायला रांगा लावायला लागले. १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली जवळपास २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला दिली, ती इथल्या टांकसाळींसाठी. तेव्हा त्या काळातला जॉर्जछाप रुपया कोणाच्या देव्हाऱ्यात असेल तर त्यात नेव्हाडाच्या खाणीतली चांदी असू शकते.

नवीपालवी

माझ्याकडे टिफनीचा एक मोठा सर्व्हिंग चमचा आहे, दांड्यावर पक्षी आणि वेली, मागे "टिफनी अँड कंपनी स्टर्लिंग पॅट. १८७१" आणि एक एम. नेटवर एका ठिकाणी लिहिलंय एम म्हणजे १९०७ ते १९४७, दुसरीकडे लिहिलंय १८९१ च्या आधीचा. नक्की काय समजायचं?

रुपेरीकडा

दोन्ही बरोबर आहेत आणि गंमत तिथेच आहे. टिफनी आपल्या मालावर कंपनीतल्या मुख्य माणसाचं आद्याक्षर मारायची. एडवर्ड मूर हा त्यांच्या चांदीच्या कामाचा प्राण, तो १८९१ मध्ये गेला, त्याच्या काळाचा एम. मग चार्ल्स टिफनीचा टी १९०२ पर्यंत, मग चार्ल्स कुकचा सी १९०७ पर्यंत, आणि मग जॉन मूर आला, त्याचाही एम, तो थेट १९४७ पर्यंत. म्हणजे एम दोनदा. टी किंवा सी असेल तर भाग्यवान, सी तर पाचच वर्षांचा आहे.

तुमचं डिझाइन वर्णनावरून "जॅपनीज" वाटतंय, खुद्द एडवर्ड मूरचं, १८७१ चं पेटंट. जपानी कलेचा त्याला ध्यास होता, आणि वेली-पक्षी इतके जिवंत कोरलेत की दांडा हातात फिरवत बसावं. पण पॅट. १८७१ म्हणजे डिझाइनचं पेटंट घेतलं ते साल, चमचा त्यानंतर केव्हाही बनलेला असू शकतो. दोन एममधला फरक करायला अक्षराचं वळण नीट बघा आणि भिंगातून फोटो काढून टाका. एरवी सांगते की पेटंटची ओळ ठसठशीत मारलेली, दांड्याला वजन आणि कोरीव कामाच्या कडा धारदार असतील तर पहिल्या मूरकडे कल जातो, पण नुसत्या वर्णनावर मी शब्द देणार नाही.

टिफनीच्या मोठ्या भांड्यांवर मात्र याहून जास्त माहिती असते. तिथे दोन नंबर असतात, एक डिझाइनचा आणि एक ऑर्डरचा. डिझाइनचा नंबर वर्षागणिक चढत जातो, त्यामुळे तो नंबर आणि अक्षर यांची जोडी जुळवली की पहिला एम का दुसरा हा प्रश्नच उरत नाही. आणि शिक्क्यात "५५० ब्रॉडवे" असा पत्ता असेल तर तो १८५४ ते १८७० मधला, कारण दुकान तेवढीच वर्षं तिथे होतं.

आपल्या जर्सीकरांसाठी एक. टिफनीचा चांदीचा कारखाना कितीतरी दशकं आपल्या नेवार्कमध्ये, फॉरेस्ट हिल भागात होता. आपण ज्याला न्यूयॉर्कची चांदी म्हणतो त्यातली बरीचशी एडिसन गावापासून अर्ध्या तासावर घडलेली आहे. नेवार्कमध्येच उंगर ब्रदर्स, विल्यम केर असे आणखी कारखाने होते, स्त्रियांचे लांब मोकळे केस आणि फुलं असलेले आरशाचे-ब्रशचे सेट बनवणारे. इकडच्या सेलमध्ये ते अजून निघतात, उंगरचा यू आणि बी एकमेकांत गुंतवलेला शिक्का लक्षात ठेवा.

बॉस्टनकर

१८६८ च्या आधीच्या चमच्यांवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. न्यू इंग्लंडमध्ये ते पुष्कळ मिळतात, पातळ, हलके, मागे नुसतं एक आडनाव चौकोनात. कधी सोबत "कॉइन", "प्युअर कॉइन", "डॉलर" किंवा नुसतं सी नाहीतर डी. तेव्हा लोक खरोखरच नाणी घेऊन सोनाराकडे जायचे आणि त्याचे चमचे करून घ्यायचे. यांना वर्षाचं अक्षर नाही, तेव्हा आकार बघायचा. दांड्याचं टोक शवपेटीसारखं कापलेलं असेल तर साधारण १७९० ते १८१०. व्हायोलिनसारखा खांदा असेल तर १८१० च्या पुढे. टोकावर गव्हाची पेंढी किंवा फुलांची परडी उमटवलेली असेल तर १८२० आणि ३० ची दशकं. मग आडनाव घेऊन त्या गावाची जुनी डिरेक्टरी बघायची, सोनार कुठल्या रस्त्यावर कोणत्या वर्षी दुकान चालवत होता हे त्यात सापडतं, पुष्कळ डिरेक्टऱ्या आता लायब्ररींनी ऑनलाइन टाकल्यात. एकच खबरदारी: आडनाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही, विकणाऱ्याचंही असू शकतं.

त्या काळच्या काही सोनारांनी मुद्दाम सिंह, मुंडकं, एखादं अक्षर असे इंग्लिश दिसणारे शिक्के मारले आहेत, गिऱ्हाइकाला भारदस्त वाटावं म्हणून. इंग्लिश तक्त्यात ते शोधत बसू नका, मिळणार नाहीत.

तांबटआळी (पुणे)

मी पत्रा ठोकणारा माणूस, शिक्के मला फारसे कळत नाहीत पण वस्तू कशी बनली ते बघून कळतं, आणि साल काढताना तेही लागतं. वाटी उलटी करा, बरोबर मध्यावर सुईच्या टोकाएवढा खड्डा दिसतो का बघा. कंपासचं टोक रोवून घडवणारा गोल तपासत असतो त्याची ती खूण, हाताने ठोकून उठवलेल्या भांड्यात ती बऱ्याचदा राहते. आतून बोट फिरवलं तर हातोडीचे सपाट ठसे लागतात. फिरत्या लेथवर दाबून काढलेल्या भांड्यात आत बारीक गोल रेघा असतात.

मेणबत्तीचे स्टँड घेताना विशेष काळजी. तळाला "वेटेड", "रीइन्फोर्स्ड" किंवा "सिमेंट" लिहिलेलं असतं, म्हणजे आत सिमेंट किंवा राळेसारखं काही भरलेलं आणि बाहेर चांदीचा कागदासारखा पत्रा. किलोच्या हिशोबाने चांदी समजून पैसे मोजू नका. सुरीचा दांडाही पोकळ असतो, आणि पातं बघितलं तर काळ कळतो, पातं मूळचंच स्टेनलेसचं असेल तर १९२० च्या दशकाच्या आधी कशाला जाईल. मात्र पाती बदललेली पण असतात, जुन्या दांड्याला नवं पातं बसवतात, सांध्यावर झाळ ताजी दिसते का बघा.

आणि एक जुना उपाय. कुणाची आद्याक्षरं घासून काढलीत असा संशय आला तर त्या जागेवर तोंडाची वाफ सोडा, वाफ बसते तेव्हा पुसलेली अक्षरं क्षणभर उमटून दिसतात. तिथला पत्रा बोटाला पातळ लागतो, दाबला तर किंचित खचतो.

नवीपालवी

वाफेचं करून बघितलं, माझ्या चमच्यावर खरंच तीन अक्षरं दिसली! शिक्क्याचा भिंगातला फोटो पण टाकतेय.

रुपेरीकडा

फोटो बघितला, एम जुन्या वळणाचा आहे, पेटंटची ओळ पण धारदार. पहिला मूर, म्हणजे १८७१ ते १८९१ मधला. विसाव्या शतकाच्या मध्याला टिफनीने हेच डिझाइन ऑडुबॉन या नावाने परत काढलं, तसं हे नाही. फार सुंदर वस्तू आहे, जपा.

तुमच्या चमच्याच्या काळात, १८७८ मध्ये, याच मूरच्या हाताखाली टिफनीने नेव्हाडाच्या कॉमस्टॉक खाणीतून श्रीमंत झालेल्या जॉन मॅके याच्यासाठी १२५० नगांचा चांदीचा सेट बनवला. दोनशे कारागीर दोन वर्षं त्यावर होते, चांदी त्याच्याच खाणीची, आणि तो सेट त्या वर्षीच्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला होता.

गुजरीकर

सगळं छान, पण एक धंद्याचा प्रश्न विचारतो, रागावू नका. आमच्याकडे शेवटी चांदी म्हणजे वजन गुणिले भाव. त्या द्राक्षाच्या चमच्यांना मोड नाही, आणि या स्टर्लिंगच्या चमच्याला मोडीतच जायचं असेल तर १८८० का १९६० याने काय फरक पडतो? मूस तर दोन्ही सारखंच वितळवते.

रुपेरीकडा

फरक पडतो, आणि मी धागा काढला तो याचसाठी. जानेवारी १९८० मध्ये हंट बंधूंच्या साठेबाजीत चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेला, तेव्हा अमेरिकेत घराघरातून चमचे, ट्रे, चहाचे सेट पिशव्या भरभरून भट्टीत गेले. त्यात काय काय होतं हे आता कोणीच सांगू शकणार नाही, कारण भट्टीवाल्याने फक्त स्टर्लिंग हा शब्द बघितला आणि वजन केलं. भाव वर गेला की दर वेळी हेच होतं, वारसांना कळत नाही तळाशी काय लिहिलंय, ते एका फेरीत सगळं विकून मोकळे होतात. गोरहॅमची मार्टेले नावाची हाताने ठोकलेली मालिका आहे, विल्यम कॉडमनच्या डिझाइनची, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात गाजलेली, तिचा दर्जा स्टर्लिंगपेक्षा वरचा, ९५० आणि नंतर ९५८.४, आणि प्रत्येक नग वेगळा. तिच्या शिक्क्यात वर गरुड असतो. तो गरुड ओळखता आला नाही म्हणून असं एखादं भांडं वजनावर गेलं तर ते परत होणार नाही, त्याचा साचाच नव्हता.

म्हणून विकायचं असेल तरी विका, घराची गरज प्रत्येकाची वेगळी असते. पण मोडायच्या आधी उलटं करून वाचा आणि फोटो काढून ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

गुजरीकर

पटलं. आमच्याकडे पण जुन्या मराठेशाही घडणीचे तोडे असेच मुशीत गेलेत, वडील सांगायचे आणि हळहळायचे. यापुढे असा माल आला तर तळाचा फोटो इथे टाकल्याशिवाय पुढे सरकवणार नाही.

चेसापीक

चमचे-काट्यांचं राहिलं म्हणून थोडक्यात भर घालतो. तिथे मुख्य आधार डिझाइनचं नाव. गोरहॅमचं शँटिली १८९५ मध्ये आलं, तेही कॉडमनचंच, आणि इतकं खपलं की पिढ्यानुपिढ्या बनत राहिलं. म्हणजे डिझाइनवरून "याच्या आधीचं नाही" एवढं कळतं, "तेव्हाचंच आहे" हे कळत नाही. पुढे शिक्क्याची मांडणी, वजन आणि नगाचा प्रकार बघायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सार्डिनचा चिमटा वेगळा, स्ट्रॉबेरीचा काटा वेगळा, आइस्क्रीमचा काटा वेगळा असे एकेका डिझाइनमध्ये शंभराच्या वर प्रकार असायचे, मग १९२५ च्या सुमारास हर्बर्ट हूवर वाणिज्य मंत्री असताना नव्या डिझाइनला ५५ प्रकारांची मर्यादा घालून घेतली गेली. म्हणून अगदी चमत्कारिक कामाचा काटा दिसला तर तो बहुधा त्याच्या आधीचा.

बाकी कंपन्यांचं पटकन. टॉन्टनच्या रीड अँड बार्टनने १९२८ ते १९५७ स्टर्लिंगच्या भांड्यांवर दर वर्षाला एक छोटं चित्र मारलंय. न्यूयॉर्कच्या डॉमिनिक अँड हाफचा शिक्का म्हणजे चौकट, गोल आणि हिरा अशा तीन आकृत्या, आणि १८८० च्या दशकातल्या पुष्कळ नगांवर हिऱ्यात सरळ साल लिहिलेलं असतं. टाउल, वॉलेस यांचे शिक्के ओळखायला सोपे आहेत पण वर्ष देत नाहीत, तिथे डिझाइनवरच भिस्त.

अटलांटाची_आत्या

साफ कशाने करायचं? आमच्याकडे तर चांदी रांगोळीने घासायची पद्धत.

तांबटआळी

रांगोळी, राख, टूथपेस्ट काहीही नको, हे सगळं खरवडतं. मुलाम्याच्या चमच्यांना तर अजिबात नको, खालचा धातू उघडा पडेल. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडकं, आणि लगेच कोरडं करायचं. नक्षीच्या खाचांमधला काळसरपणा राहू द्या, त्यानेच काम उठून दिसतं. शिक्क्यावर तर पॉलिश नकोच.

कासवगती (टोरांटो)

आत्तापर्यंत नुसतं वाचत होते. माझ्याकडे एक छोटी वाटी आहे, तळाला सिंह, नांगर, जी, खाली स्टर्लिंग, एक नंबर, आणि शेजारी पाच बाजूंच्या आकृतीत ३. आणि कडेला कोरलंय "जून १९६१". धाग्यातल्या हिशोबाने पाच बाजू म्हणजे पन्नासचं दशक, मग १९५३ ना? पण कोरलेलं १९६१ कसं?

रुपेरीकडा

अगदी बरोबर वाचलंत, १९५३ मध्ये बनली. कोरलेलं साल घडणीचं नसतं, प्रसंगाचं असतं. दुकानात काही वर्षं पडून राहिली असेल किंवा घरातली वाटी पुढे कोणाला लग्नात दिली आणि तेव्हा तारीख घातली. दोन्ही सालं लिहून ठेवा. आणि तळाचा तो नंबर कळवा, गोरहॅमची जुनी कागदपत्रं प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठाच्या लायब्ररीत आहेत, डिझाइनच्या नंबरावरून तिथे विचारणा करता येते.

कासवगती

नंबर भिंगातून नीट वाचून उद्या टाकते, शेवटचा आकडा ३ आहे का ८ ते अजून कळत नाहीये.

बॉस्टनकर

बॅटरी तिरकी धरा, वरून नको, बाजूने. कडेने उजेड पडला की आकड्याची सावली पडते आणि ३ आणि ८ लगेच वेगळे होतात.